खड्ड्याचं इतिवृत्त

चिकलठाण्याच्या पुढं, जालना रोडपासून थोडं आत शहराचा नवा अरिना, म्हणजे क्रीडागृह, बांधायचं ठरलं, तेव्हा समितीत मला घेतलं ते ज्येष्ठ नागरिक म्हणून. काम मात्र दिलं इतिवृत्त लिहायचं, कारण पहिल्या बैठकीला पेन फक्त माझ्याकडं होतं.

इतिवृत्त लिहिणं अवघड नसतं. दोन माणसं एकमेकांच्या अंगावर धावून गेली तर ‘सखोल चर्चा झाली’ असं लिहायचं. एखादा रागानं उठून गेला तर ‘अन्य पूर्वनियोजित कार्यक्रमामुळे’. चहा उशिरा आला तर काहीच लिहायचं नाही. त्या दिवशी एकही ठराव झालेला नसतो, त्यावरून वाचणारा ओळखतो.

समिती अकरा जणांची. अध्यक्ष शिवराजदादा गाडेकर. मूळचे सिल्लोडकडचे, घरची मका-कापसाची बागायत; आता शहरात दोन मंगल कार्यालयं आणि एक शाळा. दादांचा आवाज मोठा, मन त्याहून मोठं, आणि दोन्ही माईकशिवाय सहसा बाहेर येत नसत. त्यांच्या शेजारी मधुसूदनराव, निवृत्त अभियंता. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले, त्यामुळं चांगली गोष्ट जमिनीच्या वरच असते असं त्यांचं ठाम मत. तिसरे धम्मपाल सर, मुलींच्या कबड्डी संघाचे प्रशिक्षक. क्रीडासमितीत खेळलेला माणूस असावा असा कुणाचा तरी आग्रह पडला म्हणून त्यांना घेतलं होतं. उरलेल्यांबद्दल एवढंच सांगतो की हात वर करायच्या वेळी ते जागे असत.

आणि जिचा अरिना होता ती नीरजा सेलूकर. समितीत नव्हती, समितीपुढं होती. वडील शाळेत संस्कृत शिकवायचे. ही काँक्रीट शिकली. गारखेड्यात दोन खोल्यांचं ऑफिस, चार माणसं. या एका आराखड्यावर तिनं तीन वर्षं घातली होती. स्पर्धेत तिचा आराखडा पहिला आला होता, पण स्पर्धेच्या परीक्षकांना खेळातलं कळतं, शहरातलं कळत नाही, असं दादांचं म्हणणं होतं.

नीरजानं टेबलावर आपलं मॉडेल ठेवलं. दादांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला.

“हे परातीसारखं काय हाय?”

“अरिना आहे, दादा. आठ हजार माणसं बसतील.”

“बसतील कुठं? हे तर जमिनीच्या खाली गेलंय.”

“खालीच न्यायचंय. माणूस रस्त्यावरून सरळ आत येतो आणि पायऱ्या उतरत आपल्या जागेवर जातो. वर चढायचं काम नाही. खाली काळा पाषाण आहे, मे महिन्यात वर त्रेचाळीस असताना आत गार राहील. वरती हलकं छप्पर, झाडाच्या उंचीचं. वेरूळला लेणं वरून खालीच कोरत नेलंय की.”

“त्या वेळी समिती नव्हती,” दादा म्हणाले.

मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि आवाज खाली आणला. म्हणजे शेजारच्या इमारतीत ऐकू जाणार नाही इतका. “नीरजाताई, गेल्या वेळी मी मतं काय म्हणून मागितली? खड्डेमुक्त शहर. आन आता मीच आठ हजार माणसांचा खड्डा करू व्हय?”

“पुन्हा तो दिसणार कसा?” मधुसूदनराव म्हणाले. “नीरजा, तू माझ्या मुलीसारखी आहेस म्हणून सांगतो. इमारत लांबून दिसली पाहिजे. मुंबईच्या लोकांनी पाठवलेला घुमट बघ.”

घुमटाचं चित्र भिंतीवर लावलंच होतं. मोठा पांढरा घुमट, पुढं तळं, आपल्याकडं न येणारी झाडं आणि त्यांच्याखाली हिंडणारी गोरी माणसं. रस्त्यावर एकही रिक्षा नव्हती.

“विमानतळ शेजारीच हाय,” दादा म्हणाले. “विमानातून उतरणाऱ्याला वाटलं पायजे, आलं आपलं शहर.”

“विमानातून खड्डाच चांगला दिसतो, दादा. घुमटाचं नुसतं टक्कल दिसतं.”

मी मान खाली घालून लिहू लागलो. दादांच्या डोक्यावर टोपी होती, पण टोपीखाली काय आहे हे साऱ्या शहराला माहीत होतं. दादा मात्र हसले. त्यांनी नीरजाचं मॉडेल दोन्ही हातांनी उचललं, उलटं केलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

“हे बगा. आता कसं बरं दिसतंय. झाला घुमट.”

समितीनं टाळ्या वाजवल्या. नीरजानं शांतपणे मॉडेल पुन्हा सुलटं केलं आणि आतली पडलेली माणसं चिमट्यानं एकेक उचलून जागेवर बसवली. तिचा चेहरा अजिबात बदलला नाही. तिला राग येत नसावा, किंवा आलेला राग ती मोजमाप घेऊन ठेवत असावी.

तेवढ्यात धम्मपाल सरांनी त्या वर्षातलं आपलं एकुलतं एक वाक्य बोलून घेतलं. “शेवटच्या ओळीतल्या माणसाला चढाई करणाऱ्या रेडरच्या पायाचा अंगठा दिसला पाहिजे, एवढं ज्यात होईल ते बांधा.”

“सर, अंगठा बगायला कोन येतंय?” दादा म्हणाले. “खरा प्रश्न येगळाच हाय. ताई, सोफे कुठं?”

“कसले सोफे?”

“मान्यवरांचे. पहिल्या ओळीत. पाव्हणे कुठं बसणार?”

“जिथं जागा मिळेल तिथं,” नीरजा म्हणाली.

त्यानंतर इतकी शांतता पसरली की पंख्याची एक पाती वाकडी आहे हे सगळ्यांना एकाच वेळी कळलं.

शेवटी मार्ग नीरजानंच काढला. “मला एक नमुना बांधू द्या. खऱ्या मापाच्या दहाच पायऱ्या, चारी बाजूंनी, मध्ये कबड्डीचं एक मैदान. त्यात बसून बघा. नाही पटलं तर घुमट करा. मी माझे नकाशे गुंडाळून घरी जाईन.”

प्रस्ताव सरकारकडं पाठवायची शेवटची तारीख नोव्हेंबरातला एक सोमवार होता. त्याच्या आधीच्या शनिवारी पाहणी करायची, नमुना पटला तर नीरजाचा आराखडा पाठवायचा, नाही तर घुमटाचा, असं ठरलं. मी लिहिलं: ‘सर्वानुमते निर्णय झाला. मधुसूदनरावांचा विरोध सर्वानुमतात धरला आहे.’

नमुना दोन महिन्यांत उभा राहिला, किंवा खाली गेला म्हणा. पाहणीच्या आदल्या आठवड्यात काँक्रीटचा शेवटचा थर पडला आणि नीरजा छपराच्या कामासाठी पुण्याला निघाली. जाताना तिनं साइटवरच्या राखणदाराला बजावलं, “सांडूभाऊ, काँक्रीट ओलं राहिलं पाहिजे. आठ दिवस पाणी मारायचं. विसरायचं नाही.”

सांडू भोकरदनकडचा. सांगितलेलं विसरणारा माणूस नव्हे. पण तो या शहरात पंधरा वर्षं राहिलेला होता, आणि या शहरातल्या माणसाला रोज पाणी ही गोष्ट नुसती सांगून समजत नाही. इथं नळ आठ दिवसांनी येतो. आला की पिंप, टाकी, बादल्या, कुकर, घरातल्या पोरांच्या पाण्याच्या बाटल्या, सगळं भरायचं आणि मग पुढचे आठ दिवस निवांत. आठ दिवसांचं काम एका दिवसात करायची ही सवय आमच्या हाडात आहे.

साइटच्या लाइनला मंगळवारी पाणी आलं. सांडूनं ते आठ दिवसांचं एकदम मारलं.

तळाला पाणी जायला नीरजानं ठेवलेली वाट होती. तिची चावी त्यानं आवळून बंद केली, कारण वाहून जाणारं पाणी त्याला बघवत नाही. लाइन आटली तेव्हा गाववाला पुंडलिक टँकर घेऊन आला. त्याच्या किती खेपा झाल्या ते त्या दोघांनाच ठाऊक. बुधवारी सकाळी नमुन्याच्या खालच्या तीन पायऱ्या पाण्यात होत्या. गुरुवारी शेजारच्या वस्तीला पत्ता लागला.

शनिवारी अकरा वाजता आमच्या तीन गाड्या साइटवर पोचल्या, एकीच्या काचेशी मधुसूदनरावांनी आणलेलं घुमटाचं चित्र उभं. आमच्या पुढं एक टेम्पो होता. दादांनी आपल्या मंगल कार्यालयातून समितीला बसायला दोन लाल सोफे आणवले होते.

आम्ही कडेला जाऊन उभं राहिलो आणि खाली पाहिलं.

चारी बाजूंच्या पायऱ्यांवर बायका गोधड्या धूत होत्या. वरच्या पायऱ्यांवर धुतलेल्या गोधड्या वाळत पडल्या होत्या, लाल, निळ्या, ठिगळाठिगळाच्या. खेळाडूंना आत यायला केलेल्या उतारावरून एक म्हैस आत शिरली होती आणि मैदानाच्या बरोबर मध्यभागी डोळे मिटून बसली होती. उताराचा चढ बरोबर साधलाय एवढं तिच्याकडं बघून कळत होतं.

पुण्याहून थेट साइटवर आलेली नीरजाही त्याच वेळी गाडीतून उतरत होती. तिनं पाणी पाहिलं, म्हैस पाहिली, मग सांडूकडं पाहिलं.

“सांडूभाऊ, हे काय?”

“पानी मारलंय, म्याडम.”

“मी रोज मारायला सांगितलं होतं.”

“रोज कुठून येतंय? मंगळवारी आलं होतं. आठ दिसाचं एकदमच मारून ठिवलं. तुमीच म्हन्ल्या ना, इसरू नको.”

मधुसूदनरावांच्या चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं झालं. “बघा. मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. खड्डा केला की त्यात पाणी साठणार.”

“साठलं नाही काका, साठवलंय,” नीरजा म्हणाली. ती सात पायऱ्या उतरून पाण्यापाशी बसली आणि काँक्रीटवरून हात फिरवत गेली, एखाद्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. “पाच दिवस भरून ठेवलंय, एवढा भार घेतलाय, आणि एक तडा नाही. बाहेरच्या बाजूनं ओल नाही. तुम्ही येऊन बघा. असं काँक्रीट तुम्ही कधी पाहिलंय?”

मधुसूदनराव गुडघे धरत उतरले. त्यांनी बोटानं सांधा तपासला, नखानं खरवडला, चष्म्याच्या खालून पाहिला.

“नाही,” ते म्हणाले. आणि आपण काय बोलून गेलो हे ध्यानात आल्यावर सबंध समितीवर रागावून वर आले.

“ते समदं ठीक हाय,” दादा म्हणाले. “पन आमी बसायचं कुठं? सोडा ते पानी.”

“चावी फिरवली की वीस मिनिटांत रिकामं होईल,” नीरजा म्हणाली. सांडू पाना घेऊन निघाला.

“कोन सोडतंय पानी?”

समोरच्या पायरीवर एक बाई उभी राहिली होती. पदर खोचलेला, हातात गोधड्या बडवायचं धोपाटणं. कडूबाई. वस्तीत राहणारी, याच नमुन्यावर दोन महिने तिनं घमेली वाहिली होती, त्यामुळं पायऱ्यांवर तिचा हक्क आमच्यापेक्षा जुना होता.

“मावशी, पाहणी हाय,” दादा म्हणाले.

“करा की पाहनी. पान्यासकट करा. आमचा नळ मंगळवारी येतोय. माज्या गोधड्या निम्म्या भिजल्यात, त्या काय मंगळवारपत्तुर ताटकळत ठिवू?”

आता गंमत अशी की सोफे घेऊन आलेला टेम्पो कुठंही थांबला तर लोकांना कार्यक्रम असल्याचं कळतं. बघता बघता वस्तीतली, रस्त्यावरची, चहाच्या टपरीवरची माणसं येऊन पायऱ्यांवर बसली. तीनशे तरी असतील. सगळ्यांची नजर सांडूच्या हातातल्या पान्यावर.

पुन्हा निवडून यायचं आहे असा कुठलाही माणूस या शहरात तीनशे लोकांसमोर ‘पाणी सोडून द्या’ म्हणू शकत नाही. ते शब्द त्याच्या तोंडातून फुटतच नाहीत. दादांनी मधुसूदनरावांकडं पाहिलं. मधुसूदनरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी पेनाकडं पाहिलं.

“पाणी राहू द्या,” नीरजा म्हणाली. “पायऱ्यांवर बसून बैठक घेऊ.”

“आन सोफे?”

टेम्पोवाल्यांनी प्रयत्न केला. पायरी माणसाच्या मापाची होती, सोफा मान्यवरांच्या. पहिला सोफा दोन पायांवर उभा राहिला, विचारात पडला आणि हळूच पाण्याकडं निघाला. चौघांनी मिळून त्याला धरला. मग दोन्ही सोफे वर काठावर ठेवले आणि त्यांच्यावर दोन कुत्री येऊन बसली. आम्ही चपला-बूट काढून कोरड्या पायरीवर ओळीनं बसलो, मधोमध दादा.

बैठक सुरू झाली. थोड्या वेळानं दादा मधुसूदनरावांच्या कानाशी लागले आणि अगदी हळू म्हणाले, “बसू द्या. अर्ध्या तासात बाया सैपाकाला उठतील, मग चावी फिरवू.”

“सैपाक करून आलोत, दादा,” समोरून कडूबाई म्हणाली.

ती पाण्याच्या पलीकडं, सगळ्यात वरच्या पायरीवर होती. दादा गोंधळले. त्यांनी आवाज अजून खाली आणला. “हिला कसं काय ऐकू गेलं?”

“ह्ये बी आलं,” दुसरी एक बाई म्हणाली. सगळा खड्डा हसला.

मधुसूदनरावांना हे पटेना. अभियंता माणूस, प्रयोग केल्याशिवाय ऐकणार नाहीत. ते माझ्याकडं झुकले आणि ओठही न हलवता पुटपुटले, “चहा सांगा हो कुणाला तरी.”

“आमाला बी!” तिन्ही बाजूंनी आवाज आला.

दादांना तीनशे चहा सांगावे लागले. इतिवृत्तात मी लिहिलं: ‘उपस्थितांना चहापान देण्यात आले.’

तीन वर्षं नीरजा हेच सांगत होती: शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे, शेवटच्या माणसाला दिसलं पाहिजे. आज सांगायचं काम दुसरेच लोक करत होते.

चहा झाल्यावर दादा उभे राहिले. सवयीनं त्यांचा हात माईक धरायला पुढं गेला आणि हवेत थांबला. तीस वर्षं त्यांनी व्यासपीठावरून भाषणं केली होती. तिथून माणसाला पहिल्या दोन ओळी दिसतात. त्यातली एक सोफ्यांची असते आणि ती झोपलेली असते. इथं त्यांना प्रत्येक चेहरा दिसत होता, आणि प्रत्येक चेहऱ्याला ते. त्यांनी टोपी नीट केली.

“मायबहिनींनो,” ते साध्या आवाजात म्हणाले, आणि सगळ्यांना ऐकू गेलं. त्याचं आश्चर्य सगळ्यात जास्त त्यांनाच वाटलं. “हितं शहराचा अरिना व्हनार हाय. हा नुसता नमुना. खरा लई मोठा. आठ हजार मानूस बसंल.”

“मंग त्यात पानी किती मावंल?” कडूबाईनं विचारलं.

खड्डाभर एक हालचाल झाली. आठ हजार माणसांच्या आकाराचं पाणी लोकांनी डोळ्यांसमोर आणलं. दादांनीही आणलं. ते चेहरे त्यांनी पाहिले आणि त्यांच्या डोळ्यांत जे चमकलं ते मी निवडणुकीच्या काळात अनेकदा पाहिलेलं आहे.

“मावशी, लई मावंल!” दादा म्हणाले. “अहो, नुसतं—”

“नाही,” नीरजा उभी राहिली. “त्यात पाणी नसणार.”

दादा चमकले. “ताई,” ते दातांतल्या दातांत म्हणाले, “खड्डा मंजूर व्हायलाय तुमचा. दोन मिन्टं गप ना जरा.”

हेही अर्थात तीनशे लोकांनी ऐकलं. पण या वेळी कुणी हसलं नाही. सगळे नीरजाकडं बघत होते. एक शब्द कमी बोलली असती तर तिचं काम त्या क्षणी झालं असतं. तीन वर्षांची मेहनत, सोमवारची तारीख, सगळं एका ‘लई मावंल’वर निघालं होतं.

“इथं कबड्डी होईल, कुस्ती होईल, गाण्याचे कार्यक्रम होतील,” ती म्हणाली. “तलाव म्हणून मंजूर केलात तर उद्या तुम्ही मलाच घागरी घेऊन शोधाल. यात पाणी साठवायचं नाही.”

“मंग आमाला काय त्याचं?” कडूबाई म्हणाली. तिनं धोपाटणं पायरीवर ठेवलं. बाजूच्या दोघी उठायच्या बेतात होत्या.

“मैदानाच्या खाली टाकी आहे,” नीरजा म्हणाली. “छपरावर पडणारा पावसाचा थेंब न् थेंब त्या टाकीत जाणार. पान सतरा. दादा, तुमच्या फायलीत पहिल्या दिवसापासून आहे.”

दादांनी फाइल उघडली. पान सोळा आणि सतरा अजून एकमेकांना चिकटलेली होती. ती सुटताना झालेला आवाजही वरच्या पायरीपर्यंत गेला असणार.

“त्या टाकीला बाहेरून नळ हाय का?” कडूबाई.

“नाही,” नीरजा म्हणाली. तिनं एक क्षण विचार केला, माझ्या हातातलं पेन घेतलं, फायलीतल्या नकाशावर वस्तीच्या बाजूच्या भिंतीला एक छोटा गोल काढला आणि शेजारी सही केली. “आता आहे. वापरायचं पाणी, प्यायचं नाही. आणि पाऊस झाला तरच. आणखी काही मी कबूल करत नाही.”

कडूबाईनं मान डोलावली. पण सौदा तिथंच संपवणारी बाई नव्हती ती. तिनं मधुसूदनरावांकडं बोट केलं. “आन त्ये गोल टोपीवालं चित्र? गाडीत ठिवलंय त्ये. त्येच्यावरचं पानी कुठं जातंय?”

मधुसूदनरावांनी खरं तर काहीतरी जुळवून सांगायला हवं होतं. पण चाळीस वर्षं पूल बांधलेला माणूस पाण्याबद्दल खोटं बोलत नाही.

“घुमटावरचं ना? ते… वाहून जातं.”

“वाहून जातं?”

“हो. चारी बाजूंनी. गटारात.”

सगळ्या खड्ड्यातून एक सुस्कारा निघाला. मी अनेक बैठकांत अनेक ठराव फेटाळले जाताना पाहिलेत. इतक्या हळुवारपणे फेटाळलेला एकही आठवत नाही.

दादांना वारं कळतं. “तर मग,” ते म्हणाले, “नीरजाताईंच्या आराखड्याच्या बाजूनं कोन कोन?”

त्यांनी समितीला विचारलं होतं. हात सगळ्या पायऱ्यांनी वर केले. एका बाईचा हात गोधडीसकट वर गेला आणि खालच्या ओळीतले चार जण भिजले. समितीतही दहा हात वर आले. मधुसूदनराव तेवढे हाताची घडी घालून बसले होते.

“नीरजा, आत यायला पूल का नाही ठेवलास गं?” ते म्हणाले. “लोकांनी काठावरून एकदम पायरीवर उडी मारायची का?”

“पूल आहे, काका. चारही दारांना. पान नऊ.”

“मग आधी सांगायचं नाही का?” मधुसूदनराव म्हणाले आणि अकरावा हात वर आला.

“मंजूर!” दादा म्हणाले. “पन येक. आजपासून ह्याला खड्डा म्हनायचं नाय. आन पहिल्या ओळीत सोफे पायजेत म्हंजे पायजेत. तेवढं माझं राहू द्या.”

“नमुन्यात ठेवून बघू,” नीरजा म्हणाली. “बसून बघा, मग ठरवा.”

इतिवृत्तात मी लिहिलं: ‘वास्तुरचनाकार श्रीमती सेलूकर यांचा आराखडा, जलसंधारणाच्या अंगाने सखोल चर्चेनंतर, सर्वानुमते मंजूर. मतदान करणारे सदस्य अकरा, इतर सुमारे तीनशे.’ सोमवारी प्रस्ताव गेला.

पाणी कुणी सोडलं नाही. वस्तीनं ते घागरींनी आणि बादल्यांनी संपवलं. रोज एक पायरी उघडी पडत गेली, आणि मंगळवारी नळ आला तेव्हा तळ कोरडा होता. म्हैस सगळ्यात शेवटी बाहेर पडली. नंतर मधुसूदनराव एकटेच येऊन हातोडीनं काँक्रीट ठोकून गेले म्हणे. सांडूला त्यांनी विचारलं, “एवढं घट्ट कसं काय झालं रे?” सांडू म्हणाला, “पानी मारलं ना, सायेब.”

पुढच्या रविवारी नमुन्यात धम्मपाल सरांच्या मुलींचा सामना ठेवला. वस्ती आली होती. या वेळी गोधड्या बसायला आणल्या होत्या. दादांनी दोन्ही लाल सोफे तळाशी, मैदानाला लागून मांडायला लावले, एक स्वतःला आणि मधुसूदनरावांना, दुसरा मला आणि हारांच्या टोपलीला.

सामना रंगला. शेवटची चढाई, दोन्ही संघ बरोबरीत. रेडर मुलगी आत घुसली, पाय लांब टाकला, मागं फिरली आणि धापा टाकत परत आली. पंचांनी गुण दिला नाही.

“टेकला!” वरून आवाज आला. “पोरीचा अंगठा टेकला! लाइनीच्या पल्याड! म्या बगितला!”

कडूबाई दहाव्या पायरीवर उभी होती. तिच्याबरोबर ती सगळी ओळ उभी राहिली, मग नववी, मग आठवी. धम्मपाल सरांनी एका मुलीच्या मोबाइलवरचं चित्रण मागवलं, पंचांना दाखवलं, मागं नेऊन पुन्हा दाखवलं. अंगठा बोनस लाइनीच्या पलीकडं टेकला होता. मागचा पाय हवेत होता. पंचांनी हात वर करून बोनसचा गुण दिला.

दादा माझ्याकडं वळले. “तुमाला दिसला व्हय अंगठा?”

“नाही. माझ्यापुढं दोन मुली आडव्या होत्या. तुम्हाला?”

“माझ्यापुढं पंच उभा होता.”

मधुसूदनरावांना विचारलं नाही. ते तोपर्यंत उठून सातव्या पायरीवर पोचले होते. दादा थोडा वेळ सोफ्याच्या हातावर बोटं वाजवत बसले. नीरजा पलीकडं उभी होती. तिनं आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मग दादा उठले, धोतराचा सोगा सावरला आणि एकेक पायरी चढत थेट दहाव्या पायरीवर गेले.

“सरका जरा, मावशी.”

“पल्याड बसा दादा,” कडूबाई मैदानावरची नजर न काढता म्हणाली. “हितं माजी गोधडी हाय.”

दादा पलीकडं बसले.

त्या दिवशीचं इतिवृत्त एका ओळीचं आहे: ‘सोफे परत पाठवण्यात आले.’ माझ्या सगळ्या इतिवृत्तांत जसं घडलं तसं लिहिलेलं ते एकच वाक्य.